ॲक्सोलॉटलच्या अंड्यांना औषध नको, नजर हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाळीव प्राण्यांच्या पुरवणीतला ॲक्सोलॉटल या पाण्यातच राहणाऱ्या, शेपूटवाल्या उभयचर प्राण्यावरचा लेख वाचला, फोटो छानच होते आणि हा प्राणी मूळचा मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोच्या तळ्या-कालव्यांतला, तिथे आता जवळजवळ संपत आलाय हेही लिहिलंत ते बरं केलंत. पण अंड्यांवर बुरशी दिसली की लगेच निळं औषध (मेथिलीन ब्लू) टाका, एवढं एका ओळीत सांगून लेख पुढे गेला ते काही पटलं नाही, कारण नवीन माणूस तेवढंच वाचतो आणि बाटली घेऊन बसतो.

बुरशी येते ती बहुतेक वेळा आधी मेलेल्या नाहीतर फळलेल्याच नसलेल्या अंड्यावर. असं अंडं आधी दुधासारखं पांढरं पडतं, मग त्यावर कापसासारखी लव येते आणि अंडी एकमेकांना चिकटलेली असली की ते धागे शेजारच्या चांगल्या अंड्यापर्यंतही पोचतात. म्हणजे मूळ दुखणं ते मेलेलं अंडं, ते तिथेच ठेवून वरून कितीही औषध ओता, बुरशीचं खाणं तसंच राहणार ना. म्हणून रोज सकाळ संध्याकाळ टॉर्च घेऊन बघायचं, पांढरं दिसलं की ड्रॉपरने किंवा चिमट्याने उचलायचं, पानाला चिकटलं असेल तर सरळ पानाचा तेवढा तुकडा कापून टाकायचा. जिवंत अंडं ओळखायला अवघड नाही. पारदर्शक जेलीत आधी काळसर गोल ठिपका असतो, काही दिवसांत तो लांबट होतो, मग डोकं आणि शेपूट वेगळी कळते, शेवटी शेवटी तर कल्ल्यांचे बारीक तुरे दिसतात आणि प्रकाश पडला की आतलं पिल्लू टुणकन वळतं. हे एकदा बघितलं की कोणालाही सरसकट सगळी अंडी फेकून द्यावीशी वाटणार नाहीत.

बाकी गोष्टी साध्याच आहेत, अंडी मोठ्यांपासून लगेच वेगळी करा कारण आईबाप स्वतःच ती खाऊन टाकतात, पाणी क्लोरीन काढलेलं हवं, १८ ते २० अंशांच्या आसपास, एअर स्टोनने (बुडबुडे सोडणाऱ्या सच्छिद्र दगडाने) हलकेच हलणारं, आणि गर्दी नको. मेथिलीन ब्लू वापरायचंच असेल तर वेगळ्या डब्यात आणि अगदी फिकट, फिल्टर चालू असलेल्या टँकमध्ये तर अजिबात नाही कारण त्याने फिल्टरमधले उपयोगी बॅक्टेरियाही मरतात आणि मग पाण्यातल्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया वाढतो.

पण माझ्या मते खरी कसोटी साधारण दोन-तीन आठवड्यांनी, पिल्लं बाहेर आल्यावर लागते आणि त्याबद्दल लेखात एक अक्षर नव्हतं. पिल्लू जेमतेम सेंटीमीटरभर असतं, पहिले दोन-तीन दिवस पोटातल्या बलकावर जगतं, तेव्हा खायला घालायची घाई नको. त्यानंतर मात्र त्याला हलणारंच खाणं लागतं, मेलेल्या किंवा कोरड्या खाण्याकडे ते बघतही नाही, ते तळाशी कुजतं आणि पाणी खराब होतं. ताजे फुटलेले आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे इवलेसे जीव) किंवा बारीक डॅफ्निया (गोड्या पाण्यातले तसेच इवलेसे जीव) हेच खाणं. आर्टेमियाची अंडी मिठाच्या पाण्यात, उबेत, हवा सोडून ठेवली तर दिवस-दीड दिवसात फुटतात, त्यामुळे ॲक्सोलॉटलची पिल्लं निघायच्या आधीच ती तयारी सुरू करायला हवी, नंतर धावपळ करून उपयोग नाही. घालताना बारीक जाळीत गोड्या पाण्याने धुवून घालायचे, दिवसातून दोनदा, आणि उरलेले मेलेले आर्टेमिया ड्रॉपरने काढून पाणी रोज थोडं बदलायचं. किचकट आहे, पण याला शॉर्टकट नाही.

त्यात पिल्लं भुकेली असली की शेजाऱ्याचा पाय, कल्ला, जे हलेल ते तोडतात. पाय परत उगवतात हे खरंय, पण म्हणून ते चालू द्यायचं का? पुढचे पाय फुटायला लागले की हा प्रकार वाढतो, तेव्हा मोठी एका डब्यात, लहान दुसऱ्या डब्यात करायची, मागचे पाय येऊन ती चांगली वाढेपर्यंत.

मादी एका वेळेला शेकडो अंडी घालते, हजारापर्यंतही जातात. एवढ्या पिल्लांना रोज जिवंत खाणं, स्वच्छ पाणी आणि नंतर घर कोण देणार? जेवढी नीट वाढवता येतील तेवढीच ठेवा आणि बाकीची अंडी पहिल्या दोन-तीन दिवसांत, आत ठिपका गोल आहे तोवरच फ्रीजरमध्ये ठेवून द्या. ऐकायला वाईट वाटतं, मलाही वाटतं, पण शेकडो पिल्लं उपाशी एकमेकांना कुरतडत मरण्यापेक्षा हे बरं. आणि जास्तीची पिल्लं तळ्यात, नदीत सोडायची नाहीत, कधीच नाही.

पुढच्या एखाद्या पुरवणीत आर्टेमिया काढायची पद्धत फोटोंसकट छापलीत तर फार बरं होईल.

आपली,
एक नियमित वाचक