नायट्रेट वाढवायला सांगणाऱ्या दादांना थँक्यू

दादा, समोर थँक्यू म्हटलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून लगेच स्किमरकडे (टाकीतला मळ फेसातून काढणारं यंत्र) वळता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, आता वाचावंच लागेल.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. आमची खाऱ्या पाण्याची छोटी टाकी आहे, पाणी साधारण 100 लिटर, ड्राय रॉकवर (कोरडा, जीव नसलेला खडक) सुरू केलेली, आत झोआ आणि मशरूम हे मऊ प्रवाळ आणि दोन क्लाउनफिश मासे. (दगडी प्रवाळ नाहीत, त्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तो विषयच नको.) टेस्टमध्ये नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य (माशांच्या खाण्यातून आणि विष्ठेतून पाण्यात साठणारी पोषकद्रव्यं), म्हणजे रिपोर्ट एकदम फर्स्ट क्लास, आणि तरी वाळूवर शेंबडासारखा तपकिरी थर, त्यात बुडबुडे, झोआ मिटलेले, गोगलगायी एकेक करून मरतायत. ज्याला विचारावं तो म्हणे पाणी बदला, खाणं कमी करा, फॉस्फेट काढणारा मीडिया टाका.

तुम्ही पहिल्याच फोनवर म्हणालात, "काही टाकू नकोस, काही काढू नकोस, आधी ते आहे काय ते बघू." मग ती कॉफी फिल्टरची ट्रिक, थोडा थर बाटलीत घेऊन जोरात हलवायचा, फिल्टरमधून गाळायचा आणि गाळलेलं पाणी तासभर लाइटखाली ठेवायचं. परत तंतू जमले तर डायनो, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव. जमले! वर तुम्ही मुलीचा शाळेचा मायक्रोस्कोप स्कूटरवर घेऊन आलात आणि एका टोकाला बांधल्यासारखे जागच्या जागी गोल फिरणारे ते थेंबाच्या आकाराचे जीव दाखवलेत, ऑस्ट्रिऑप्सिस जातीचे डायनो. हे बघणं का महत्त्वाचं ते मला तेव्हा कळलं, कारण हे रात्री वाळू सोडून पाण्यात येतात म्हणून यूव्ही लाइट लागू पडतो, आणि अँफिडिनियम ही दुसरी जात असती तर ते वाळूतच बसून राहतात, यूव्हीचे पैसे पाण्यात.

आणि मग तुमचं ते वाक्य, "नायट्रेट वाढव." मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण तुम्ही न कंटाळता समजावलंत की पाण्यात काहीच नसलं की साधं शेवाळ आणि चांगले बॅक्टेरिया उपाशी मरतात, डायनो मात्र इतर सूक्ष्मजीव खाऊनही तग धरतात, त्यामुळे रिकामी जागा त्यांना मिळते. जागा भरली की हे आपोआप मागे हटतात. नायट्रेट 5 ते 10 पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम), फॉस्फेट 0.05 ते 0.1, आणि कुठलंच शून्यावर जाऊ द्यायचं नाही.

नायट्रेटसाठी तुम्ही पोटॅशियम नायट्रेट सांगितलंत आणि मी खो खो हसले, आमच्या तासगावकडे द्राक्षवाल्यांच्या घरात 13:00:45 खताची बॅग असतेच, तेच ते! फॉस्फेटवालं म्हणजे 0:52:34, मोनोपोटॅशियम फॉस्फेट. बाबांना फोन करणार तेवढ्यात तुम्ही ओरडलात, खताची पुडी नको, लॅब ग्रेडच आण. हिशोब अजून फ्रीजवर चिकटवलाय, 1 ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट 100 लिटरला सुमारे 6 पीपीएम नायट्रेट देतं, आणि 0:52:34 चं 1 ग्रॅम थेट टाकीत अजिबात नाही, ते 1 लिटर आरओडीआय (पूर्ण शुद्ध केलेल्या) पाण्यात विरघळवायचं आणि त्यातलं 7 एमएल टाकलं की 100 लिटरला फॉस्फेट 0.05.

दुसऱ्या दिवशी फॉस्फेट परत शून्य आलं तेव्हा मी रडकुंडीला आले होते, तर तुम्ही शांतपणे "खडक पितोय, पिऊ दे." ड्राय रॉक पोट भरेपर्यंत फॉस्फेट शोषत राहतो हे कुठल्याच दुकानदाराने सांगितलं नव्हतं. माझं मीटर फॉस्फरस पीपीबीमध्ये दाखवतं, त्याला 3.066 ने गुणून 1000 ने भागायचं की फॉस्फेट पीपीएममध्ये मिळतं, हेही तुम्हीच. आणि झोआ हाताळताना ग्लव्हज, चष्मा, कारण त्यातलं पॅलिटॉक्सिन हे जहाल विष, हे तर इतक्या वेळा सांगितलंत की आता आमच्या कामवाल्या मावशीसुद्धा मला दटावतात.

थर गेला. हळूहळू गेला, मधे काचेवर हिरवं शेवाळ आलं तेव्हा तुम्ही अभिनंदन केलंत (हा छंद असलेली माणसंच असं करू शकतात). नायट्रेट 8, फॉस्फेट 0.07, डोसिंग बंद, मासे खातात तेवढ्यावरच आकडे टिकतायत. तुमचा यूव्ही धुऊन ठेवलाय. हिरव्या झोआची कॉलनी दगडावरून खाली उतरायला लागलीय, त्यातला एक तुकडा तुमच्यासाठी वेगळा काढलाय, रविवारी वहिनींना घेऊन या, आणि येताना डबा आणा, मागच्या वेळी पिशवी गळत होती.