पडदेवाल्या मामांना जाहीर आभार

मामा, सप्रेम नमस्कार.

जुळे सोलापूरला सगळ्यात वरच्या मजल्यावर भाड्याने राहते ना, ती मी. पडद्याचं कापड बघायला आले तेव्हा तुम्ही आधी विचारलंत, "ताई, खिडकी कुठल्या तोंडाची? आणि करार किती महिन्यांचा?" पश्चिमेची आणि अकरा महिन्यांचा म्हटल्यावर हातातला भारी तागा तुम्ही मुकाट्याने परत फळीवर ठेवलात. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना असं कोण करतं हो?

"ऊन काचेतून आत आलं की पडदा काय करणार? ते बाहेरच अडवा." ही तुमची पहिली ओळ. गॅलरीच्या ग्रिलला बांबूची चीक, म्हणजे काड्यांचा पडदा, सुतळीने बांधली. खिळा नाही, ड्रिल नाही, घरमालकांची कुरबुर नाही. जाताना सोडून सोबत नेता येईल. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा त्या चिकेची किंमत कळते. पश्चिमेची भिंत रात्रीपर्यंत धग सोडते म्हणून पलंग तिथून हलवून कपाट तिकडे लावायला सांगितलंत, तेही भिंतीपासून चार बोटं सोडून. आता उशाला भट्टी नाही.

पडदे मात्र साधेच शिवलेत. फिक्या रंगाचं सुती, पांढरं अस्तर, चुण्या नीट पडाव्यात म्हणून खिडकीच्या दुप्पट रुंदीचं कापड. ते आधी भिजवून, आटवून मगच मशीनवर घेतलंत. मी घाई करत होते, तुम्ही ऐकलं नाहीत, बरं केलंत. रॉडही स्प्रिंगचा, चौकटीत अडकवायचा.

कूलरचं तर मला कुणी सांगितलंच नव्हतं. खोली गच्च बंद करून कूलर लावला की दमट होतं, घाम वाळत नाही. कूलर खिडकीत, बाहेरची हवा ओढेल असा, आणि समोरची खिडकी थोडी उघडी. त्या खिडकीचा पडदा कायम बांधून ठेवायचा, म्हणून तुम्ही बंदही शिवून दिलात. त्याचे पैसे घेतले नाहीत, हे मी हिशेबात पाहिलंय.

दिवाणावर काय घालू विचारलं, तर दुकानातलं काही न दाखवता म्हणालात, "घरात सोलापुरी चादर असेलच की." होतीच, आईने दिलेली. एका बाजूने लाल जमिनीवर पांढरी नक्षी, उलटली की पांढऱ्यावर लाल. पाहुण्यांना वाटतं दोन घेतल्यात.

धाकटी बहीण होटगी रोडला घर घेतेय, स्वतःचं. तिला तुमच्याकडेच पाठवते आहे. तिथे करार नाही, त्यामुळे तो भारी तागा खुशाल दाखवा. भाव मात्र तिला माझाच लावा.

तुमची,
पश्चिमेच्या खिडकीवाली ताई