तळमजल्यावरील गाळे भाड्याने देण्याबाबत सूचना

रत्नागिरीतील आपल्या पुनर्विकसित इमारतीच्या सर्व गाळेधारक सभासदांना नमस्कार.

ताबा मिळताच गाळ्यांसाठी चौकशा सुरू झाल्या आहेत. कृपया कोणीही तोंडी व्यवहार करू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार (जागा ठरावीक मुदतीसाठी वापरायला देण्याचा करार) लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची, म्हणजे आपली आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ६० महिन्यांपर्यंतच्या करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. तेवढ्यासाठी धोका पत्करू नका.

भाडे चटई क्षेत्रावरच, म्हणजे भिंतींच्या आतील प्रत्यक्ष वापराच्या जागेवरच ठरवा.

पावसाचे मात्र नीट लिहून घ्या. समुद्राकडून येणारी झड शटरखालून थेट आत शिरते. पुढची शेड कोण घालणार, ओल आल्यास दुरुस्ती कोणाची, हे करारातच असावे. नाहीतर जुलैत वाद ठरलेलाच.

जुन्या इमारतीत वर्षानुवर्षे दुकान चालवलेल्यांना आधी विचारावे, ही आमची मनापासून विनंती आहे. कराराची प्रत संस्थेच्या कार्यालयात जमा करावी.

– सचिव, कार्यकारिणीच्या वतीने