रेस्पाइटच्या तक्रारी : रविवारी कागद घेऊन या

मंडळी, घरी आई-वडिलांचं किंवा जोडीदाराचं विनामोबदला करणाऱ्या सगळ्यांसाठी. काउन्सिलने मंजूर केलेले रेस्पाइटचे तास (आपल्याला विसावा मिळावा म्हणून दुसरं कुणी येऊन सांभाळतं ते) कापले, किंवा ऐनवेळी ‘आज माणूस नाही’ असा फोन आला, तर नुसतं हळहळून भागत नाही. लेखी तक्रार करायची. कशी, ते येत्या रविवारी दुपारी ३ वाजता नेहमीच्या हॉलमध्ये बसून पाहू.

येताना आणा :
- केअर ॲक्ट २०१४ या कायद्याखालच्या केअरर्स असेसमेंटची (सांभाळणाऱ्याला काय मदत लागते, याच्या काउन्सिलच्या पाहणीची) प्रत
- चुकलेल्या दिवसांच्या तारखा (माझ्या फ्रिजवरच्या कॅलेंडरात एकट्या फेब्रुवारीत चार फुल्या आहेत!)

तक्रार आधी काउन्सिलकडेच. उत्तर पटलं नाही तर ऑम्बड्समनकडे, म्हणजे काउन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे. पैसे पडत नाहीत, पण प्रकार कळल्यापासून १२ महिन्यांच्या आत जायला हवं. हे फक्त इंग्लंडपुरतं.

आईंना एकटं ठेवता येत नसेल तर त्यांनाही घेऊन या. चहा आहेच.