चिरेखाणींचा कर आणि कामगारांचा जीव

संपादक महोदय,

चिरेखाणींवर, म्हणजे जांभ्या दगडाचे चिरे काढणाऱ्या खाणींवर, छापा पडला की चर्चा होते बुडालेल्या रॉयल्टीची, म्हणजे खनिज काढल्याबद्दल सरकारला द्यायच्या रकमेची. पण परवाना नसलेल्या खाणीत रॉयल्टी बुडते तशीच सुरक्षेची तपासणीही बुडते, आणि तिथला कामगार कुठल्याच नोंदीत नसतो.

चिरा वरून कठीण, खाली जावे तसा मऊ, चिकणमातीसारखा. चिरे कापणारे यंत्र, म्हणजे कटर, सरळ उभा काप घेतो, त्यामुळे भिंत नव्वद अंशांत उभी राहते. पावसात खालचा मऊ थर पाझरून सुटतो, वरचे कवच अधांतरी राहते आणि एक दिवस सुटते, बहुतेकदा खाली चिरे रचणाऱ्यावर. धातुखाण नियमावली, 1961 सांगते, मऊ जमिनीत खाणीची भिंत पायऱ्यापायऱ्यांनी कापताना पायरी दीड मीटरपेक्षा उंच नको आणि रुंदी उंचीपेक्षा कमी नको. काठापासून 3 मीटरपर्यंत सुटे दगड नकोत. पण पायऱ्या सोडायच्या तर तेवढा चिरा जमिनीतच राहतो. खरी मेख इथे आहे. शिवाय कटरची केबल साचलेल्या पाण्यातून ओढलेली असते, हे वेगळेच.

सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2024 रोजी रॉयल्टी हा कर नाही, असा निर्णय दिला. म्हणजे राज्याला स्वतंत्र खनिज कर लावता येतो, अर्थात संसदेने घातलेल्या मर्यादेत. तो लावलाच, तर खाणपट्ट्याच्या नूतनीकरणाआधी पायऱ्यांची मोजणी सक्तीची करावी आणि सोडलेल्या खाणींना कुंपण घालण्याचा खर्च त्या करातूनच व्हावा. चिऱ्यांच्या गाड्यांचे वाहतूक पास तपासणाऱ्यानेच खाणीच्या काठाला मोजपट्टी लावली तर वेगळा माणूसही लागणार नाही.

– एक वाचक, डिचोली