स्पीकरच्या खोक्यावरचे वॅट आणि अडॅप्टरवरचा हिशेब

प्रति,
संपादक

स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीच्या खरेदीत गाणी ऐकण्यासाठी म्हणून नागपुरातल्या बर्डीवरच्या (सीताबर्डीच्या) संगणक दुकानांतून डेस्कटॉप स्पीकर घरोघरी जातात. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ‘किती वॅटचा?’ आणि दुकानदाराचे बोट खोक्यावरच्या सर्वांत मोठ्या आकड्यावर. अनेकदा तो आकडा पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या कमाल शक्तीचा असतो. पीएमपीओ मोजण्याची सर्वमान्य पद्धतच नाही, त्यामुळे तो कितीही फुगवता येतो. उपयोगाचा आकडा आरएमएस, म्हणजे स्पीकर सतत देऊ शकेल ती शक्ती. पण आरएमएसच्या नावाखालीही वाट्टेल ते छापले जाते. ते ताडून पाहायला कुठलेही यंत्र लागत नाही, दुकानात उभ्या उभ्या एक गुणाकार पुरतो.

स्पीकरसोबतचा अडॅप्टर हातात घ्या. त्यावर ‘आउटपुट’पुढे बारीक अक्षरांत व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट. १२ व्होल्ट आणि दीड अँपिअर असेल, तर १८ वॅट. त्यातलाही काही भाग उष्णतेत जातो; किती, ते आवाज वाढवणाऱ्या आतल्या भागाच्या प्रकारावर ठरते. डी-क्लास अ‍ॅम्प्लिफायरमध्ये थोडा, एबी-क्लासमध्ये जवळजवळ निम्मा. आतले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) तबल्याच्या एखाद्या थापेपुरती जास्त शक्ती पुरवतात हे खरे, पण सलग गाण्यात १८ वॅटच्या अडॅप्टरमधून ६० वॅट निघणे शक्य नाही. यूएसबीवर चालणाऱ्या जोडीचा हिशेब तर आणखी सोपा आहे. यूएसबी २.० चे पोर्ट प्रमाणानुसार ५ व्होल्टला अर्धा अँपिअर देते, म्हणजे अडीच वॅट. ३.० चे पोर्ट साडेचार. त्यावर चालणाऱ्या स्पीकरच्या खोक्यावर ‘२० वॅट’ दिसले, तर बाकीची माहितीही त्याच मापाची समजावी. अडॅप्टर नसून थेट २३० व्होल्टची वायर असेल, तर मागच्या पट्टीवर किती वॅट खर्च होतो ते बहुधा लिहिलेले असते. तेच वाचा.

मुळात टेबलावर ऐकायला फार वॅट लागतही नाहीत. कान स्पीकरपासून दोन-एक हातांवर असतात. तिथे एखाद-दोन वॅटमध्ये खोली भरते, उरलेली शक्ती लागते ती गाण्यातल्या अचानक उसळीसाठी. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायचा, तर शक्ती सुमारे दहापट लागते. म्हणून २० आणि ४० वॅटमध्ये निवड करायची वेळ आली, तर पैसे वॅटवर घालू नका, वूफरच्या (खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या शंकूच्या) आकारावर आणि लाकडी पेटीवर घाला.

कारण खर्ज तिथून येतो. काळी एकच्या पट्टीत गाणाऱ्या पुरुषाच्या तानपुऱ्यातली खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६९ कंपनांवर असते. तितक्याच मोठ्या आवाजात एक सप्तक खाली जायचे, तर शंकूला चौपट अंतर पुढेमागे हलावे लागते. दोन इंची शंकूला ते झेपत नाही. तरी तानपुरा ऐकू येतो, कारण तारेतून आपोआप उमटणाऱ्या वरच्या स्वयंभू स्वरांवरून कान मूळ स्वर जुळवून घेतो. पण त्यातला भारदस्तपणा जातो. ४ इंची वूफर आणि वेगळा ट्वीटर (वरच्या स्वरांसाठीचा छोटा स्पीकर) असलेली पेटी ६०-७० हर्ट्झच्या आसपास बऱ्यापैकी पोचते. एडिफायरची आर-१२८०टी ही या मापाची ओळखीची जोडी आहे: ४ इंची वूफर, १३ मिलिमीटरचा ट्वीटर, दोन्ही बाजू मिळून ४२ वॅट आरएमएस. खोक्यावर ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ असेल आणि पुढे ±३ डेसिबलसारखी चढउताराची मर्यादा दिलेली नसेल, तर त्या ओळीला अर्थ नाही.

सबवूफरसह (खर्जाच्या वेगळ्या पेटीसह) येणारे स्वस्त २.१ संच, म्हणजे दोन छोट्या ‘उपग्रह’ पेट्या आणि एक सब, गाण्यासाठी टाळावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. सिनेमातल्या स्फोटांना ते बरे. पण त्यांच्या दोन-अडीच इंची उपग्रह पेट्या खालचे स्वर पेलत नाहीत, म्हणून १५०-२०० हर्ट्झपर्यंतचा सगळा भार सबवर टाकलेला असतो. पुरुषी आवाजाचा खालचा भाग त्याच टापूत येतो. परिणामी गायकाचा गळा पडद्याच्या दोन बाजूंना आणि छाती टेबलाखाली, असे तुकडे होतात. डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात बसून मैफली ऐकणाऱ्या या शहराने घरी हे का चालवून घ्यावे?

दुकानात स्वतःच्या पेनड्राइव्हवरचे ओळखीचे ध्वनिमुद्रण लावायला सांगा. मी तबल्याची साथ असलेले गायन सुचवेन. बायाँवर (तबल्याच्या जोडीतल्या डाव्या, खर्जाच्या वाद्यावर) तळहाताची टाच पुढे सरकते तेव्हा ‘घे’ खालून वर चढतो. चांगल्या जोडीवर हा चढ स्वरासारखा माग काढत ऐकता येतो, वाईटावर नुसता ‘धप्प’. मग झांजा-टाळ ऐका. ते ‘स्स’ असे कानाला टोचू लागले तर ती जोडी तासाभरात डोके उठवेल. गायक बरोबर मधोमध उभा वाटला पाहिजे. आवाज पोकळ, कुठूनही आल्यासारखा आणि खर्ज गायब असेल, तर एका बाजूच्या तांबड्या-काळ्या वायरी उलट लागल्या आहेत. बदलून पुन्हा ऐका. शेवटी गाणे थांबवून स्पीकरची कळ निम्म्यावर ठेवा आणि कान ट्वीटरजवळ न्या. तिथे थोडी खरखर चालेल, पण बसल्या जागेवरूनही ती ऐकू येत असेल, तर घेऊ नका.

घरी आणल्यावर दोन्ही पेट्या आणि तुमचे डोके यांचा समभुज त्रिकोण करा, बाजू ८० ते १०० सेंटिमीटर. ट्वीटर कानाच्या उंचीवर हवा. नसेल तर खाली तिरके ठोकळे घाला. पेट्या टेबलाच्या पुढच्या कडेशी आणा, म्हणजे टेबलावरून उसळणारा आवाज कमी होतो. पाठीला भोक असेल तर भिंतीपासून वीतभर जागा सोडा. कोपऱ्यात ठेवल्या की खर्ज घुमतो आणि शेजारचे लोखंडी कपाट साथ देऊ लागते. कॉम्प्युटरचा आवाज नव्वदच्या वर ठेवून कमी-जास्त स्पीकरच्या कळीवरूनच करा, आणि विंडोजमधली आवाजात फेरफार करणारी ‘एन्हान्समेंट्स’ बंद करा.

घूंऽऽ असा आवाज येऊ लागला की अनेक जण स्पीकर बदलायला धावतात. आधी ऑक्सची (स्पीकर कॉम्प्युटरला जोडणाऱ्या वायरीची) पिन कॉम्प्युटरमधून काढून घ्या आणि तिचे टोक कशालाही लागू न देता ऐका. घरघर तशीच राहिली तर दोष स्पीकरच्या वीजपुरवठ्यात, वॉरंटीत परत करा. थांबली, तर पिन परत लावून लॅपटॉपचा चार्जर काढा. आता गेली, तर तो अर्थिंगचा फेरा (ग्राउंड लूप), म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह. दोन्ही उपकरणे एकाच बोर्डावर लावा. त्यानेही जमले नाही तर ऑक्स वायरीत हा फेरा तोडणारा ग्राउंड लूप आयसोलेटर घाला (अगदी स्वस्त आयसोलेटर खर्ज खातो), किंवा दोन्हीकडे सोय असेल तर ऑप्टिकल केबल वापरा. माउस हलवला की किरकिर होत असेल, तर कॅबिनेटच्या पुढच्या सॉकेटमधली पिन मागच्या हिरव्या सॉकेटमध्ये लावा, नाहीतर यूएसबी डॅक (कॉम्प्युटरबाहेर बसणारे छोटे साउंड कार्ड) घ्या. तीन पिनांतली मोठी पिन मात्र कधीही तोडू नका, कुणी कितीही सांगितले तरी. विजेचा धक्का बसण्यापासून तीच वाचवते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, जमीन कोरडी पडते आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो. उन्हाळाभर त्यात अधूनमधून पाणी घालावे. त्याच दिवसांत स्पीकर पश्चिमेच्या खिडकीत ठेवू नये. तापमान दहा अंशांनी वाढले की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. शंकूभोवतीची कड फोमची असेल तर ती काही वर्षांत भुरभुरते, रबराची टिकते. घेतानाच बोट लावून बघा.

बर्डी आणि सदरमधल्या दुकानदारांना आपल्या वृत्तपत्रातून दोन विनंत्या कराव्याशा वाटतात. डेमोचे स्पीकर छताजवळच्या फळीवर एकाला एक चिकटवून न ठेवता निदान एक जोडी टेबलावर, समोर खुर्ची ठेवून मांडावी. आणि बिलावर मॉडेलच्या पूर्ण नावासोबत आरएमएस वॅट लिहून द्यावेत, म्हणजे तक्रारीची वेळ आली तर ग्राहकाच्या हातात लेखी काहीतरी असेल.

आपला,
एक वाचक
धरमपेठ, नागपूर