तडजोडीचा आकडा कसा आला, हे लेखी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रस्ते अपघातातील जखमींच्या नुकसानभरपाईचे दावे लोकअदालतीत तडजोडीने मिटतात, याच्या बातम्या आपल्या दैनिकात येतात आणि त्यांत मिटलेल्या प्रकरणांची संख्याही असते. त्या संख्येतील एक प्रकरण आमच्या घरचे आहे. ते कसे मिटले, हे इतर जखमींच्या उपयोगी पडावे म्हणून लिहितो.

माझा धाकटा भाऊ गवंडी आहे. वयाच्या 38 व्या वर्षी महामार्गालगत सायकलवरून जात असताना टेम्पोने त्याला धडक दिली, उजव्या पायाचे नडगीचे हाड मोडले आणि आत सळी घालावी लागली. जिल्हा रुग्णालयाच्या दाखल्यात त्या पायाचे 30 टक्के कायम अपंगत्व नमूद आहे. दावा दाखल झाल्यावर लोकअदालतीत टेम्पोच्या विमा कंपनीच्या अधिकाऱ्याने साडेतीन लाख रुपये देऊ केले. ‘सर्व मिळून, व्याजासह, आज पुरसिसवर (तडजोडीच्या लेखी निवेदनावर) सही केली तर महिन्यात रक्कम खात्यावर,’ असे तो म्हणाला. अधिकारी सौजन्याने बोलत होता, हे नमूद केलेच पाहिजे. घरात मात्र आठ महिन्यांची उधारी होती, त्यामुळे भाऊ सहीला तयारही झाला होता.

हा आकडा कोठून आला, एवढेच मी विचारले. उत्तर कागदावर मिळाले नाही, तोंडी मिळाले. मजुरीचा पुरावा नाही म्हणून महिना 10,000 रुपये उत्पन्न धरले, वर्षाचे 1,20,000 झाले. वयानुसार 15 चा गुणक लावून, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाला 15 ने गुणून, 18,00,000. पायाचे 30 टक्के म्हणजे संपूर्ण शरीराचे 10 टक्के, म्हणून 1,80,000. त्यात दवाखान्याची बिले 1,40,000 आणि वेदनांबद्दल 30,000. बेरीज बिनचूक होती. गुणकही बरोबर होता, कारण सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सरला वर्मा प्रकरणात 36 ते 40 या वयोगटासाठी 15 हाच गुणक ठरवून दिला आहे. प्रश्न होता तो त्या 10 टक्क्यांचा.

एका अवयवाचे अपंगत्व संपूर्ण शरीराच्या प्रमाणात मोजावे, हे अधिकाऱ्याचे म्हणणे चूक नाही. पण तेथेच थांबणे चूक आहे. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, शरीराचे अपंगत्व किती टक्के आहे यावर न थांबता, त्यामुळे त्या माणसाची त्याच्या व्यवसायातील कमावण्याची क्षमता किती घटली हे ठरवायचे असते. डावा हात गमावलेला सुतार किंवा वाहनचालक आणि डावा हात गमावलेला सरकारी कारकून यांचे नुकसान सारखे नसते, असे उदाहरणच त्या निकालात आहे. गवंड्याला परांचीवर चढावे लागते, फरशी बसवताना तासन्‌तास उकिडवे बसावे लागते. ज्याचा गुडघा पुरता वाकत नाही त्याच्या हातातली थापी शाबूत असली तरी मुकादम त्याला पूर्ण हजेरीवर घेत नाही, आणि हे कोणत्याही दाखल्यावर लिहिलेले नसते. शिवाय स्वतःच्या कष्टावर जगणाऱ्या, चाळिशीच्या आतील माणसाच्या उत्पन्नात भविष्यातील वाढीपोटी 40 टक्के मिळवायचे असतात, आणि हे मृत्यूच्या दाव्यांप्रमाणे जखमींच्या दाव्यांनाही लागू आहे, हे 2020 च्या पप्पू देव यादव निकालाने निःसंदिग्ध केले. त्या 40 टक्क्यांचा तोंडी हिशेबात उल्लेखच नव्हता.

आम्ही सही केली नाही. मुकादमाची हजेरीवही आणि ज्यांच्या घरांची कामे भावाने केली होती अशा दोघांची प्रतिज्ञापत्रे जमवली, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडून गुडघा किती वाकतो याचे पत्र घेतले. पुढच्या लोकअदालतीत उत्पन्न 15,000 आणि कमाईतील घट 30 टक्के धरून बोलणी सुरू झाली आणि 11,50,000 रुपयांवर तडजोड झाली. थांबण्याचीही किंमत असते. त्या चार महिन्यांत वहिनींचे दागिने गहाण पडले. पण तेच प्रकरण, तोच दाखला आणि तीच कंपनी असताना रक्कम तिपटीहून अधिक झाली. फरक फक्त हिशेब विचारण्याचा होता.

लोकअदालतीत तडजोड झाली नाही तर प्रकरण पुन्हा अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणाकडे जाते, दावा बुडत नाही, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. उलट, एकदा तडजोडीचा निवाडा झाला की तो अंतिम असतो आणि त्यावर अपील नाही, हेही सहीच्या आधी कोणी सांगत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या सुधारित कलम 149 नुसार कंपनीने नेमलेल्या अधिकाऱ्याने तडजोडीचा प्रस्ताव 30 दिवसांत, तपशिलासह, न्यायाधिकरणापुढे द्यावा अशी रचना 1 एप्रिल 2022 पासून अमलात आहे. मग लोकअदालतीच्या टेबलावर तोंडी आकडा का चालावा? उत्पन्न किती धरले, गुणक कोणता, कमाईतील घट किती टक्के आणि का, उपचार, बुडालेली मजुरी, पुढील शस्त्रक्रिया, वेदना, व्याज, अशा एकेका बाबीची रक्कम लिहिलेला मराठीतील तक्ता जखमीच्या हातात किमान आठ दिवस आधी पडावा, आणि तो जोडल्याशिवाय तडजोड पुरसिस स्वीकारली जाऊ नये, अशी विनंती लोकअदालती भरवणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांना आपल्या दैनिकामार्फत करतो.

असा छापील तक्ता आमच्यापुढे असता तर आणखी एक गोष्ट ध्यानात आली असती. भावाच्या पायातील सळी पुढेमागे काढावी लागणार आहे. त्या शस्त्रक्रियेचा खर्च आमच्या स्वतःच्या यादीतही लिहायचा राहिला, आणि निवाडा अंतिम झाला आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, जि. सातारा